दोन काळांत उभे राहिलेले मल्ल

लालबाग, परळ, नायगाव, शिवडी या गिरणगावच्या वस्त्यांत गिरणीचा भोंगा आणि तालमीतला शड्डू यांचा शेजार अनेक पिढ्या टिकला. आणि त्या शेजारात वाढून आता वार्धक्याकडे झुकलेल्या कामगारांपुढे कुस्तीचा विषय निघाला की जो एक वाद हमखास उपस्थित होतो, तो असा की, गणपतराव आंदळकर किंवा मारुती माने यांच्याशी आजच्या महाराष्ट्र केसरीची जोड लागली असती, तर तो किती वेळ उभा राहिला असता. जुन्या पिढीच्या मते हा प्रश्न विचारणे हाच आंदळकरांचा उपमर्द आहे. नव्या पिढीच्या मते आजच्या मल्लाचा मोजून-मापून ठरवलेला आहार, त्याच्या पाठीशी असलेले वैद्यक आणि प्रतिस्पर्ध्याचे डाव पडद्यावर पुनःपुन्हा पाहून त्यांचा अभ्यास करण्याची त्याची सोय, हे सारे ध्यानात घेता जुन्यांची थोरवी ही बव्हंशी स्मृतीने चढवलेली झळाळी होय. हाच वाद मुष्टियुद्धाच्या जगात, विशेषतः ज्याला हेवीवेट म्हणतात त्या सर्वांत वजनदार गटाविषयी, अधिक कडवटपणे चालतो. जो लुई, मार्सियानो, मुहम्मद अली यांच्यासमोर आजचे पावणेसात फुटी योद्धे उभे केले तर कोण पडेल, याविषयी तेथे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. हा प्रश्न पोरकट आहे असे मी मानीत नाही. माणसाच्या बलाची आणि कौशल्याची कालानुसार वाढ होते की केवळ त्यांचे रूप पालटते, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे, आणि त्याचा फैसला करायचा तर प्रथम हे मुक्रर केले पाहिजे की, अशा वादात पुरावा कोणता ग्राह्य धरायचा आणि कोणता नाही.

अग्राह्य पुराव्याचा एक नामांकित दाखला १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत घडला. मरे वोरोनर नावाच्या रेडिओवरील कार्यक्रमांच्या निर्मात्याने १९६७ साली निरनिराळ्या काळांतील हेवीवेट जगज्जेत्यांची माहिती संगणकात घालून त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या आणि त्यांचे वर्णन प्रत्यक्ष सामना चालू असल्याच्या थाटात प्रक्षेपित केले. त्यात मुहम्मद अलीचा पराभव १९०० सालच्या सुमाराच्या जेफ्रीजकडून झाल्याचे जाहीर होताच अलीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. आणि त्या प्रकरणाच्या तडजोडीतून पुढे एक विलक्षण चित्रपट निर्माण झाला. १९६९ मध्ये अली आणि अजिंक्य अवस्थेत निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो हे दोघे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, त्यांनी पुष्कळशा छोट्या छोट्या फेऱ्या खेळून दाखवल्या, शेवटही एकाहून अधिक चित्रित करून ठेवण्यात आले, आणि २० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांत जमलेल्या प्रेक्षकांना असे दाखवण्यात आले की, तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला खाली पाडले. मार्सियानो तोवर हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान-अपघातात त्याचा अंत झाला होता. त्या यंत्राची फजिती यात नाही की त्याने चुकीचा निकाल दिला. बरोबर निकाल कोणता हे ठरवण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. यंत्रात माणसांनी आपापल्या मतांचे आकडे भरले आणि यंत्राने तीच मते आकड्यांच्या पोशाखात परत केली. चाळीच्या गॅलरीत बसून वाद घालणारा माणूस जे करतो त्याहून यात अधिक काही घडले नाही.

मग निदान शरीराचे माप तरी निर्णायक मानावे काय? मुष्टियुद्धात हे माप मोठ्या झपाट्याने पालटलेले आहे. १९१९ साली टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलार्डचा पाडाव केला तेव्हा डेम्प्सीचे वजन सुमारे ८५ किलो होते. जो लुईने १९३७ ते १९४९ पर्यंत जगज्जेतेपद आपल्याकडे राखून ते २५ वेळा यशस्वीपणे संरक्षिले, तो नव्वद किलोंच्या आसपासचा. आणि एकोणपन्नास लढतींत एकदाही न हरलेला मार्सियानो तर पाच फूट दहा इंच उंचीचा व ८४-८५ किलो वजनाचा, म्हणजे आजच्या वर्गवारीप्रमाणे हेवीवेटमध्ये त्याला कोणी उभेच केले नसते. त्याच्यासारख्या शरीराच्या माणसांसाठी १९८० च्या सुमारास क्रूझरवेट नावाचा स्वतंत्र गट निर्माण करण्यात आला. उलटपक्षी आजचा टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच आहे, आणि रशियाचा निकोलाय व्हालुएव्ह तर सात फुटांचा होता. या आकड्यांवरून झटपट निष्कर्ष काढणारा मनुष्य म्हणेल की, वादच संपला. ८५ किलोंचा माणूस ११५ किलोंच्या माणसाला काय मारणार?

परंतु विलार्ड हा डेम्प्सीपेक्षा पाच-सहा इंचांनी उंच आणि पंचवीस किलोंनी जड होता, आणि पहिल्याच फेरीत तो अनेकवार जमिनीवर गेला, हे आपण विसरता कामा नये. त्याहून बोलका दाखला अगदी अलीकडचा आहे. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने फ्युरीचा पराभव करून चारही मान्यवर संघटनांची पदे एका हाती आणली, आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला पुन्हा त्यालाच हरवले. दुसऱ्या लढतीच्या वेळी फ्युरीचे वजन सुमारे १२७ किलो भरले आणि उसिकचे सुमारे १०२. आता हे उसिकचे माप जरा जुन्या दप्तराशी ताडून पाहावे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अली आणि जॉर्ज फोरमन एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा अली ९८ किलोंचा व फोरमन शंभर किलोंच्या घरातला होता. दोघांचीही उंची सहा फूट तीन इंचांच्या आसपास, म्हणजे बरोबर उसिकएवढी. तात्पर्य, २०२४ साली फ्युरीसारख्या अजस्र देहाच्या योद्ध्याला दोनदा नमवणारा माणूस १९७४ च्या मापाचा होता. मार्सियानोच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही. चाळीस किलोंहून अधिक तफावत केवळ जिद्दीने भरून निघते असे मानणे हे शौर्याविषयीचे प्रेम झाले, विवेचन झाले नाही. पण अली आणि फोरमन यांच्या पिढीला केवळ वजनाच्या आधारे मोडीत काढण्याचा अधिकार उसिकने आपल्याकडून काढून घेतला आहे.

कुस्तीत तर या आकारवृद्धीचा प्रवाह नियमानेच अडवलेला आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सर्वांत वजनदार गटाला वरची मर्यादा नव्हती. ८७ किलोंच्या पुढे कितीही वजन चाले. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकपर्यंत १३० किलोंची कमाल मर्यादा आली, आणि आज फ्रीस्टाइलमध्ये ती १२५ किलोंवर स्थिर आहे. म्हणून मुष्टियुद्धातला हेवीवेट वाढतच गेला आणि कुस्तीतला हेवीवेट कायद्याने बांधला गेला. व्यावसायिक फ्रीस्टाइलची गोष्ट वेगळी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग या मल्लांच्या झुंजींना जी गर्दी लोटे, तिच्यातल्या बहुतेकांना किंगकाँगच्या अजस्र देहाचेच कौतुक होते. २९ मे १९६८ रोजी दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले तेही याच मुंबईत. त्या व्यावसायिक फ्रीस्टाइलचा एक स्वतंत्र आणि रसपूर्ण इतिहास आहे, परंतु त्यात प्रेक्षणीयतेचा वाटा मोठा असल्यामुळे बलाच्या तुलनेसाठी मी तो बाजूला ठेवतो.

वजनाहून अधिक परिणामकारक अशी दोन कारणे आहेत: लढतीची मुदत आणि पायाखालची भूमी. मुदतीचा विचार प्रथम करू. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलार्डने जॅक जॉन्सनला खाली पाडले ते सव्विसाव्या फेरीत. ती लढत पंचेचाळीस फेऱ्यांसाठी ठरलेली होती. पुढे पंधरा फेऱ्यांचा शिरस्ता पडला. आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा मुष्टियोद्धा किम डुक-कू हा रिंगणात झालेल्या आघाताने मरण पावल्यानंतर क्रमाक्रमाने बारा फेऱ्यांची मर्यादा सर्वत्र आली. बारा फेऱ्यांसाठी ज्याने देह घडवला त्याला पंचेचाळीस फेऱ्यांत उभे करणे, किंवा पंचेचाळीस फेऱ्यांच्या बेताने दम राखून ठेवणाऱ्याला बारा फेऱ्यांत आटपायला सांगणे, हे दोन्ही सारखेच अन्यायाचे होय. मातीवरच्या कुस्तीत ही तफावत याहूनही ठळक आहे. जुन्या निकाली कुस्तीत घड्याळाला फारसा मान नव्हता. तासाहून अधिक काळ खडाखडी चाले, दोन्ही मल्ल एकमेकांचा दम काढीत, आणि पाठ मातीला लागेपर्यंत किंवा पंच कुस्ती बरोबरीत सोडवीपर्यंत कोणी कोणाला गुण देत नसे. आज गादीवर तीन तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्धे मिनिट विश्रांती, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच समाप्त. सहा मिनिटांच्या कुस्तीत आक्रमण न करणे हाच दोष ठरतो; तासाभराच्या कुस्तीत पहिल्या सहा मिनिटांत आक्रमण करणे हा कधीकधी मूर्खपणा ठरत असे. जोर आणि बैठका यांच्या ज्या प्रचंड संख्या जुन्या मल्लांविषयी सांगितल्या जातात, त्यांतली अतिशयोक्ती वजा केली तरी त्यांचे प्रयोजन यातून उमगते: त्या मेहनतीने स्फोटक वेग येत नसेल, पण तासभर न ढळणारी छाती आणि मांड्या येत.

भूमीच्या परिणामाचा याहून स्वच्छ पुरावा मल्लविद्येच्या इतिहासात दुसरा मिळणार नाही, असा एक प्रसंग आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली. झबिस्को गामाहून पुष्कळ जड होता. तो पोटावर पसरून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ गामाने प्रयत्न करूनही त्याची पाठ लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस झबिस्को आलाच नाही. त्यानंतर सतरा वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाने तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, पण या वेळी आखाडा आपला होता आणि रिवाज आपला होता. गामाने झबिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. दोघांचेही वय तोवर पन्नाशीला टेकले होते. गामा काही सतरा वर्षांत शतपटीने बलवान झाला नव्हता आणि झबिस्को शतपटीने दुबळा झाला नव्हता. परदेशी पद्धतीत पोटावर पडून राहणे हा बचाव होता. आपल्याकडच्या मातीत त्या सवयीचा उपयोग होण्यापूर्वीच कुस्ती निकाली झाली. तीच दोन माणसे, तीच विद्या, आणि निकालात अडीच तास व एक मिनिट इतके अंतर! एका काळातल्या मल्लाला दुसऱ्या काळात नेऊन उभे करताना आपण त्याला कोणत्या भूमीवर आणि कोणत्या नियमांखाली उभा करतो, हे न सांगता जो निकाल देतो, त्याच्या निकालाला काडीचीही किंमत नाही, असे मी या प्रसंगाच्या आधारे निःशंकपणे म्हणतो.

आणखी एक गोष्ट वादाच्या भरात नेहमी सुटते, ती म्हणजे त्या त्या काळी स्पर्धेत उतरण्याची मुभा कोणाला होती. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता १९०८ साली झाला. त्याने १९१५ मध्ये पद गमावल्यावर १९३७ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, दुसऱ्या कोणाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढू देण्यात आले नाही. डेम्प्सीच्या कारकिर्दीत कृष्णवर्णीय हॅरी विल्स हा त्याचा सर्वांत योग्य प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला. म्हणून डेम्प्सीचा पराक्रम खोटा ठरत नाही; पण त्या काळातले सर्वश्रेष्ठ कोण, याची रुजुवात अपुरीच राहिली. आपल्याकडे वर्णाची भिंत त्या स्वरूपात आखाड्यात नव्हती, पण आश्रयाची भिंत होती. कुस्ती ही खुराकावर चालते, आणि दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खर्च पेलणारा कोणी तरी असल्याशिवाय मल्ल घडत नाही. कोल्हापुरात तो भार राजर्षी शाहू महाराजांनी उचलला. त्यांनी पंजाबातले नामांकित मल्ल आणून आपल्या मुलखातल्या मल्लांना त्यांच्याशी झुंजवले, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे करून हजारो शेतकऱ्यांना दरबारी विद्येचे प्रेक्षक बनवले. हा राजा ६ मे १९२२ रोजी वारला तो आपल्या मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीत. आणि ज्या प्रजेला त्याने कुस्तीचे वेड लावले, तिच्यातले पुष्कळ लोक तोवर गिरण्यांतल्या कामासाठी याच शहरात येऊन राहिले होते.

गिरणगावाची कुस्ती ही त्या आश्रयाचे दुसरे रूप होय. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत, आणि गावची जत्रा आली की रजा टाकून गावी जात. त्या जत्रेच्या आखाड्यात लावलेल्या इनामांत मुंबईकर गावकरी मंडळांची वर्गणी असे. शहरात प्रत्येक वस्तीची तालीम होती, आणि ती केवळ व्यायामाची जागा नसून त्या वस्तीच्या अब्रूची, क्वचित तिच्या दादागिरीचीही राजधानी होती; संपाच्या काळात कोणाचे माणूस कोणत्या बाजूला उभे राहणार, याचा निर्णयही पुष्कळदा तेथेच होई. हौद्यातली माती तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मुरवायची, पहाटे किंवा पाळी सुटल्यावर लंगोट कसायचा, वस्तादापुढे लोळण घ्यायची, आणि मग आठ-नऊ तास साच्यापुढे उभे राहायचे: या माणसाच्या बलाची बरोबरी ज्याला दिवसभर मेहनत, मालिश आणि निद्रा यांखेरीज काम नाही अशा आजच्या मल्लाशी करणे कठीण आहे. त्याची मेहनत थोडकी होती असे नव्हे. तिच्यातली अर्धी गिरणीमालकाच्या हिशेबी जमा होत होती. राज्य सरकारने १९५३ साली स्थापन केलेल्या कामगार कल्याण मंडळाने पुढे कामगार केसरीची स्पर्धा सुरू केली, आणि प्रभादेवीचे बाबू गेनू क्रीडाभवन हे या कामगार-मल्लांचे एक हक्काचे ठिकाण झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि ज्या वस्तीतून मल्ल निघत होते त्या वस्तीचा आर्थिक पायाच उखडला गेला. त्यानंतर मुंबईतून वजनदार मल्ल कमी निघाले, याचे कारण रक्त पातळ झाले असे सांगणारे लोक भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, त्यांनी खानावळीचे जमाखर्च पाहावेत.

मुष्टियुद्धाच्या बाबतीतही मुंबईचा हक्क जुना आहे. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ साली स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मार्च १९५० मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर भरली. तथापि हेवीवेटमध्ये भारताचे नाव झाले ते हरयाणाच्या हवासिंगमुळे, ज्याने १९६६ आणि १९७० अशा दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. गिरणगावातल्या तरुणाला मात्र मातीचीच ओढ होती, आणि म्हणून आपल्याला पुरावाही मातीतच शोधला पाहिजे.

हा पुरावा कोणता, ते आता सांगतो. ज्या मल्लांनी एकाच आयुष्यात दोन काळांत, दोन भूमींवर किंवा दोन नियमावल्यांखाली प्रत्यक्ष झुंज घेतली, त्यांचीच साक्ष या वादात खरी. बाकी सारे तर्क. मुष्टियुद्धात अशी दोन माणसे फार मोलाची आहेत. जॉर्ज फोरमन १९७४ मध्ये अलीकडून हरला. त्यानंतर वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळीस वर्षांच्या वयात त्याने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून पुन्हा जगज्जेतेपद घेतले. लॅरी होम्सने १९८० मध्ये वृद्धत्वाकडे झुकलेल्या अलीला हरवले, १९८८ मध्ये तरुण माइक टायसनकडून चौथ्या फेरीत मार खाल्ला, आणि तरीही १९९२ मध्ये, बेचाळीस वर्षांचा असताना, तोवर अपराजित असलेल्या ऑलिंपिक विजेत्या रे मर्सरचा पाडाव केला. या साक्षीत वयाची वजाबाकी करावीच लागते, कारण तिच्याशिवाय ती उलटही बोलते: २६ ऑक्टोबर १९५१ रोजी सदतीस वर्षांचा जो लुई मार्सियानोपुढे आठव्या फेरीत कोसळला, म्हणून तारुण्यातला लुई मार्सियानोहून कमी होता असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण वजाबाकी एकाच दिशेने होते. पंचेचाळिसाव्या वर्षी शरीर उतरते, चढत नाही. आणि ते उतरलेले शरीर घेऊन सत्तरीच्या दशकातला योद्धा नव्वदीच्या दशकातल्या जगज्जेत्याला पाडू शकतो, तर त्या वीस वर्षांत विद्या फार पुढे गेली होती असे मानायला आधार उरत नाही.

आपल्याकडची सर्वांत स्पष्ट साक्ष वजनदार मल्लाची नाही. ती ५७ किलोंच्या एका मल्लाची आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या खर्चाने लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवर कुस्ती खेळण्याचा त्यांना अनुभव नव्हता; मातीत पाय रोवून लढणाऱ्याला मऊ गादीवर तोल सावरणे आणि आंतरराष्ट्रीय गुणपद्धती समजून घेणे ही दोन्ही संकटे एकदम आली, आणि तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. ज्यांच्याकडून ते हरले त्यांतल्या जपानच्या शोहाची इशीईला सुवर्ण आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले. चार वर्षांच्या अंतरात मातीचा मल्ल गादीवर जगातला तिसरा झाला, तेही आजच्यासारखा परदेशी प्रशिक्षक, सराव-शिबिरे आणि वर्षभराच्या स्पर्धा यांचे पाठबळ नसताना. १९५५ मध्ये ते मुंबईच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले, आणि ज्या देशाला त्यांनी हे पदक मिळवून दिले त्या देशाने त्यांना हयातीत दिलेला मान पाहिला की अंतःकरण विषण्ण होते; अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

वजनदार गटातली साक्ष आंदळकर आणि माने यांची आहे. १९६० चे हिंदकेसरी असलेले आंदळकर कोल्हापूरच्या तालमीत मातीवर घडले. आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सर्वांत वजनदार गटात सुवर्णपदक मिळवले ते ग्रीको-रोमन पद्धतीत, ज्या पद्धतीत कमरेखाली हात लावण्याची आणि पायाचा उपयोग करण्याची सक्त मनाई असते. पट काढणे, टांग मारणे, ढाक लावणे या मातीतल्या मल्लाच्या हुकमी डावांपैकी कमरेखालचे सारे काढून घेतल्यावर जे उरते, म्हणजे मान, खांदे, पाठ आणि पकड, तेवढ्याच्या बळावर हे पदक आले; फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रौप्य मिळाले. ९७ किलो गटात मारुती माने यांनी याच्या नेमके उलट, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य पटकावले. आशियातल्या वजनदार गटांत त्या काळी स्पर्धक मोजकेच असत, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आंदळकरांना पदकापर्यंत जाता आले नाही, हेही या हिशेबात मांडले पाहिजे. परंतु अनोळखी नियमांखाली, अर्धी शस्त्रे काढून घेतली असताना जिंकणारा मल्ल आजच्या गादीवर सहा मिनिटांसाठी उभा केला, त्याला आजच्यासारखे एक वर्षाचे शिबिर दिले आणि आजचा आहार दिला, तर तो आजच्या पहिल्या पंक्तीत बसेल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ते शिबिर न देता त्याला तसाच उभा केला, तर मात्र गुणांच्या हिशेबात तो पहिल्या फेरीतच मागे पडेल. कारण आजचा मल्ल पाठ लावण्यापूर्वीच गुणांनी कुस्ती संपवायला शिकलेला आहे, आणि ही विद्या जुन्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

उलट दिशेची परीक्षाही घेता येते, आणि महाराष्ट्राने ती परीक्षा आपल्या सर्वोच्च स्पर्धेतच बांधून ठेवली आहे. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा चालवली. आणि आज त्या स्पर्धेत एक विभाग मातीचा व एक गादीचा असून, दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडतात. मुंबईत वाढलेला नरसिंग यादव, जो आंतरराष्ट्रीय मैदानात ७४ किलो गटात लढला आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून आला, त्याने २०११ ते २०१३ असा तीन वर्षे लागोपाठ हा किताब आपल्याहून जड मल्लांच्या गर्दीतून जिंकला. म्हणजे वजनाविषयी उसिकने जे सिद्ध केले ते आपल्या घरी एक तपापूर्वीच सिद्ध झाले होते. आणि २०२३ या एकाच वर्षी ही स्पर्धा दोनदा भरली. जानेवारीत पुण्याला गादी विभागाच्या शिवराज राक्षेने माती विभागाच्या महेंद्र गायकवाडला चीत केले. नोव्हेंबरमध्ये फुलगावला माती विभागाच्या सिकंदर शेखने त्याच शिवराज राक्षेला झोळी डावावर एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. दहा महिन्यांत माती आणि गादी एकेक वेळ जिंकली, आणि दोन्ही निकाल गुणांवर न होता जुन्या पद्धतीने, पाठ लावून झाले.